उपर्नाविक रुग्णालय आणि ग्रीनलंडमधील हृद्रोग संशोधन

ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील उपर्नाविक या गावच्या लहानशा रुग्णालयातील १९५० ते १९७४ या काळातील रुग्णनोंदी, आणि तिथून दक्षिणेकडच्या उम्मान्नाक जिल्ह्यात १९७० पासून झालेली रक्ताची व आहाराची तपासणी, यांवर आधारलेले संशोधन. सील, देवमासा व मासे यांवर जगणाऱ्या इन्युइट लोकांना हृदयविकाराचा झटका क्वचितच येतो आणि सागरी प्राण्यांच्या चरबीतील ओमेगा-३ मेदाम्ले हे त्याचे कारण असावे, हे मत मुख्यतः या दोन जिल्ह्यांतील कामातून पुढे आले. माशाच्या तेलाच्या ज्या कॅप्सूल आज जगभर विकल्या जातात, त्यांच्यामागचे मूळ प्रतिपादन हेच. रक्ताची तपासणी व रुग्णनोंदी या संशोधनाच्या दोन बाजू सहसा एका दमात सांगितल्या जातात. त्या वेगळ्या ठेवून पाहणे आवश्यक आहे, कारण दोन्हींचा पुरावा सारख्या वजनाचा नाही.

स्थळ : उपर्नाविक हे साधारण ७२° ४७' उत्तर अक्षांशावरील एका छोट्या बेटावर आहे. डॅनिश वसाहत म्हणून त्याची स्थापना १७७२ मध्ये झाली. २०१८ पासून ते आवान्नाता नगरपालिकेत मोडते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत येथे सूर्य क्षितिजावर येत नाही. जिल्ह्यातील वस्त्या शेकडो किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर व बेटांवर विखुरलेल्या असून त्यांना जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून कुत्र्यांची घसरगाडी, हीच अभ्यासकाळातील दळणवळणाची साधने होती. त्या काळात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १,८०० होती. जवळजवळ सर्वजण ग्रीनलंडचे मूळ रहिवासी होते व उपजीविका सील आणि देवमाशांच्या शिकारीवर होती. डॉक्टर व रुग्णालय जिल्ह्याच्या गावी, तर वस्त्यांवर डॉक्टर नाही, अशी व्यवस्था होती. नोंदींचा अर्थ लावताना ही गोष्ट निर्णायक ठरते.

पूर्वीचे काम : ग्रीनलंडमधील आहाराचा शास्त्रीय अभ्यास या संशोधनाच्या बराच आधीचा आहे. डॅनिश शरीरक्रियावैज्ञानिक आउगुस्ट क्रो (१९२० चे नोबेल पारितोषिक विजेते) आणि त्यांच्या पत्नी डॉ. मारी क्रो यांनी १९०८ मध्ये डिस्को बेटावर इन्युइटांचा आहार व चयापचय यांची पाहणी केली. जवळजवळ केवळ मांस व चरबी खाऊन माणसाचे शरीर कसे चालते, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. हृद्रोग त्यांच्यापुढे नव्हता. उत्तर ग्रीनलंडमध्ये दीर्घकाळ डॉक्टर असलेल्या आल्फ्रेड बेर्टेल्सन यांनी तेथील रोगांची आकडेवारी संकलित केली. १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विवेचनात रोहिणीकाठिण्य (रक्तवाहिन्या कठीण व अरुंद होणे) व हृदयस्नायूंचा ऱ्हास हे विकार, लोकांचे सरासरी आयुष्य कमी असूनही, बऱ्यापैकी आढळतात असे म्हटले आहे. उलट एरस्ट्रम या संशोधकांनी १९४८-४९ मध्ये उत्तर ग्रीनलंडमध्ये केलेल्या तपासणीचा हवाला हृद्रोग विरळ असल्याचा पुरावा म्हणून दिला जातो. म्हणजे वादाचे दोन्ही पक्ष १९७० पूर्वीच मांडले गेले होते. पुढच्या काळात बेर्टेल्सन यांचे निरीक्षण मागे पडले. ते प्रत्यक्ष त्याच प्रदेशात काम केलेल्या डॉक्टरचे असल्यामुळे त्याला अधिक महत्त्व मिळायला हवे होते.

उम्मान्नाक जिल्ह्यातील मोहिमा : डेन्मार्कमधील ऑल्बोर्ग येथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणारे हान्स ओलाफ बांग व यर्न ड्यूअरबेर्ग हे १९७० मध्ये उम्मान्नाक जिल्ह्यातील इल्लोर्सुइत या शिकाऱ्यांच्या वस्तीवर गेले. (जून २०१७ मध्ये कारात फ्योर्डमध्ये दरड कोसळून उसळलेल्या त्सुनामीनंतर ही वस्ती रिकामी करण्यात आली.) तीस वर्षांवरील १३० स्त्रीपुरुषांचे रक्त त्यांनी घेतले. नील्सन यांच्यासह १९७१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार डॅनिश लोकांच्या तुलनेत या लोकांच्या रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेदाचा एक प्रकार) यांचे प्रमाण कमी होते. डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या ग्रीनलंडवासीयांत मात्र हे आकडे डॅनिशांच्या जवळ जात होते. त्यामुळे कारण आनुवंशिक नसून आहारातील असावे, असा त्यांनी तर्क केला.

१९७५ च्या निबंधात रक्तातील मेदाम्लांचे पृथक्करण दिले आहे. डॅनिश रक्तात जेमतेम सापडणारे आयकोसापेंटेनॉइक आम्ल (एक ओमेगा-३ मेदाम्ल; यापुढे इपीए) इन्युइटांच्या रक्तात भरपूर होते, आणि डॅनिश रक्तात भरपूर असणारे अॅरॅकिडोनिक आम्ल त्यांच्यात अगदी थोडे होते. या संशोधनातील सर्वांत पक्का शोध हाच, आणि तो आजवर कोणी खोडून काढलेला नाही.

आहाराची मोजणी १९७६ च्या मोहिमेत झाली. पद्धत कष्टाची होती. सहभागी माणूस जे खाई, त्याचा तेवढाच दुसरा वाटा सात दिवस बाजूला काढून साठवायचा आणि तो डेन्मार्कला नेऊन त्याचे रासायनिक पृथक्करण करायचे. काय खाल्ले हे माणसाला आठवून सांगायला लावण्यापेक्षा ही रीत कितीतरी विश्वासार्ह आहे. ३,००० किलोकॅलरी आहारामागे ओमेगा-३ मेदाम्ले सुमारे १४ ग्रॅम भरली; डॅनिश आहारात ती सुमारे ३ ग्रॅम होती. कोलेस्टेरॉल मात्र इन्युइटांच्या आहारात जास्त होते : सुमारे ७९० मिलिग्रॅम, तर डॅनिशांत ४२० मिलिग्रॅम. एकूण ऊर्जेपैकी प्रथिनांपासून २३ टक्के, मेदापासून ३९ टक्के आणि कर्बोदकांपासून ३८ टक्के मिळत होती. डॅनिशांत हेच प्रमाण अनुक्रमे ११, ४२ व ४७ टक्के होते. इन्युइट ‘निव्वळ चरबीवर’ जगतात हा लोकप्रिय समज या आकड्यांपुढे टिकत नाही. मेदाचा वाटा डॅनिशांपेक्षा किंचित कमीच होता. फरक होता तो मेदाच्या जातीत. शिवाय ३८ टक्के कर्बोदके म्हणजे दुकानातून आणलेला पाव, साखर व धान्य १९७६ पर्यंत शिकाऱ्यांच्या घरात चांगलेच पोचले होते. त्यामुळे या मोजणीला इन्युइटांच्या ‘मूळ’ आहाराचे चित्र म्हणणे योग्य नाही.

या मोहिमेत ऑक्सफर्डचे आहारशास्त्रज्ञ ह्यू सिंक्लेअर सहभागी होते. आवश्यक मेदाम्लांच्या अभावामुळे पाश्चात्त्य देशांत हृद्रोग वाढतो, असे मत त्यांनी १९५६ मध्येच मांडले होते व त्यासाठी बरीच टीका सोसली होती. १९७९ मध्ये वयाच्या सत्तरीजवळ असताना त्यांनी स्वतः १०० दिवस केवळ सील, मासे व इतर सागरी अन्न खाऊन पाहिले. त्यांचा रक्तस्राव थांबण्याचा काळ काही मिनिटांवरून ५० मिनिटांच्या पलीकडे गेला. एका माणसावरचा प्रयोग म्हणून त्याचे संख्याशास्त्रीय मोल थोडे असले, तरी आहाराने रक्ताचा गुणधर्म किती बदलू शकतो हे त्याने ठळकपणे दाखवले.

प्लेटलेटविषयक उपपत्ती : रक्तस्राव-काळाची चाचणी साधी आहे. दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून थोडा दाब ठेवतात, कोपराखालच्या बाजूस बारीक चीर देतात आणि ठरावीक अंतराने टिपकागद जखमेच्या कडेला लावतात. कागदावर डाग उमटेनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. ड्यूअरबेर्ग व बांग यांना १९७९ मध्ये हा वेळ इन्युइटांत सरासरी सुमारे ८ मिनिटे आणि डॅनिशांत ५ मिनिटांच्या आत आढळला. या निरीक्षणाचा अर्थ लावण्यासाठी लागणारे रसायनशास्त्र नेमके त्याच दशकात हाती आले होते. प्लेटलेटमध्ये (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म कणांत) अॅरॅकिडोनिक आम्लापासून थ्रॉम्बॉक्झेन हे द्रव्य तयार होते व ते प्लेटलेटना एकमेकींना चिकटवते, हे सामुएल्सन यांच्या गटाने १९७५ मध्ये दाखवले. रक्तवाहिनीच्या भिंतीत तयार होणारे व उलट काम करणारे प्रोस्टासायक्लिन १९७६ मध्ये जॉन व्हेन व सहकाऱ्यांनी शोधले. इपीएपासून बनणारे थ्रॉम्बॉक्झेन जवळजवळ निष्क्रिय असते. तेव्हा अॅरॅकिडोनिक आम्लाची जागा इपीएने घेतली की गुठळी होण्याची प्रवृत्ती कमी व्हावी, असे प्रतिपादन ड्यूअरबेर्ग, बांग, व्हेन व इतरांनी १९७८ मध्ये संयुक्तपणे केले. सामुएल्सन, बेर्गस्ट्रम व व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर या उपपत्तीला आपोआप प्रतिष्ठा आली.

येथे एक मुद्दा नोंदवायला हवा. बांग व ड्यूअरबेर्ग यांनी स्वतः हृद्रोगाची गणना केली नव्हती. हृद्रोग विरळ आहे ही गोष्ट त्यांनी गृहीत धरली, आणि त्यासाठी त्यांचा आधार होता ग्रीनलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालांचा. प्रत्यक्ष गणना करण्याचा प्रयत्न उपर्नाविकच्या नोंदींतून झाला.

उपर्नाविकच्या नोंदी : नील्स क्रोमान व आन्डर्स ग्रीन यांनी उपर्नाविक जिल्ह्यातील पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे १,८०० लोक व २५ वर्षे म्हणजे ढोबळमानाने ४५,००० व्यक्ती-वर्षे. डेन्मार्कमधील रोगप्रमाण या लोकसंख्येला लावले असता किती रुग्ण अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती नोंदले गेले, अशी त्यांची मांडणी आहे. हृदयविकाराचे तीव्र झटके अपेक्षित ४०, नोंदलेले ३. सोरायसिस (त्वचेवर खपल्या धरणारा विकार) अपेक्षित ४०, नोंदलेले २. दमा अपेक्षित २५, नोंदलेला १. मधुमेह अपेक्षित ९, नोंदलेला १. अवटू (थायरॉइड) ग्रंथीची अतिक्रियता अपेक्षित ७, नोंद एकही नाही. उलट मेंदूतील रक्तस्राव वा अडथळ्यामुळे येणारा झटका अपेक्षित १५ असताना २५ नोंदला गेला, आणि अपस्मार अपेक्षित ८ असताना १६. कर्करोगाची एकूण संख्या अपेक्षेच्या जवळपास होती (५३ ऐवजी ४६), पण कर्करोगाचे प्रकार वेगळे होते.

३ विरुद्ध ४० हा आकडा पुढे शेकडो निबंधांत व पाठ्यपुस्तकांत उतरला. मेंदूच्या झटक्याचा आकडा मात्र फारसा कोणी सोबत घेतला नाही. वास्तविक दोन्ही एकाच तक्त्यातले आहेत, आणि गुठळी कमी होणे व रक्तस्राव लांबणे या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू असतील, तर दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

नोंदी कितपत विश्वसनीय, यावर मतभेद आहेत. नोंदींची बाजू घेणारे म्हणतात, रुग्णालय दुबळे असल्यामुळे रोग निसटले असते तर सगळेच रोग सारखे निसटले असते. मेंदूचे झटके व अपस्मार अपेक्षेपेक्षा जास्त कसे सापडले? युक्तिवाद वजनदार आहे. पण सर्व रोग सारखे निसटत नाहीत. मेंदूच्या झटक्याने माणसाची एक बाजू लुळी पडते, ती महिनोन्महिने तशीच राहते, आणि डॉक्टर उन्हाळ्यात वस्तीवर आला तरी त्याच्या नजरेस पडते. अपस्माराचे झटके पुन्हा पुन्हा येतात व सगळी वस्ती ते पाहते. हृदयविकाराचा तीव्र झटका येऊन बर्फावर किंवा कायाकमध्ये (शिकाऱ्याच्या एकट्याच्या होडीत) माणूस तासाभरात गेला, तर तो रुग्णालयाच्या नोंदवहीत येण्याचा मार्गच नाही. तो बुडाला, थंडीने गेला किंवा नुसताच ‘अचानक गेला’ असे लिहिले जाते. सौम्य झटका येऊन माणूस वाचला तर छातीत दुखल्याची तक्रार घेऊन तो हिवाळ्यात घसरगाडीने कित्येक तासांचा प्रवास करील, हेही संभवत नाही. सोरायसिसचा आकडा या दृष्टीने बोलका आहे. त्वचेच्या खपल्यांसाठी शिकार सोडून कोण रुग्णालयात येणार? सोरायसिस व हृदयविकार यांच्या तुटीचे प्रमाण जवळपास सारखे असणे हा योगायोग असेलही, पण त्यावरून नोंदवहीच्या जाळीची छिद्रे केवढी होती याची कल्पना करता येते.

निदानाच्या साधनांचाही विचार करावा लागतो. रक्तातील ट्रान्सअमिनेज हे विकर (एन्झाइम) मोजून हृदयस्नायूची हानी ओळखण्याची रीतच मुळी १९५४ नंतरची, आणि त्याच कामाची ट्रोपोनिन या प्रथिनाची चाचणी १९९० च्या दशकातील. शवविच्छेदन क्वचितच होई. जॉर्ज फोडोर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केलेल्या फेरतपासणीत असे दाखवले, की ग्रीनलंडची सुमारे ३० टक्के लोकसंख्या डॉक्टर नसलेल्या वस्त्यांवर राहत होती आणि सुमारे २० टक्के मृत्यू-दाखले डॉक्टरने मृताला न पाहताच भरले गेले होते. जवळचा वैद्यकीय कर्मचारी, नाहीतर चर्चचा उपदेशक, घरच्यांनी सांगितले त्यावरून मृत्यूचे कारण लिहून पाठवी. बांग व ड्यूअरबेर्ग यांनी वापरलेले वार्षिक अहवाल याच दाखल्यांवर उभे होते.

आयुर्मानाचा मुद्दा अनेकदा पुढे केला जातो : १९५० च्या सुमारास ग्रीनलंडमधील सरासरी आयुर्मान चाळिशीच्याही खाली होते, क्षयाने माणसे तरुणपणीच मरत, मग हृद्रोग व्हायला उरणार कोण? क्रोमान व ग्रीन यांचे अपेक्षित आकडे याच लोकसंख्येसाठी काढलेले असल्यामुळे हा आक्षेप त्यांच्या तक्त्याला पूर्णपणे लागू होत नाही. नोंद न होण्याचा आक्षेप त्याहून अधिक बळकट आहे.

पीटर बियेरेगोर, यंग व हेगेल यांनी २००३ मध्ये ग्रीनलंड, कॅनडा व अलास्का येथील उपलब्ध आकडेवारीचा एकत्र आढावा घेतला. इन्युइटांत हृद्रोगाने मृत्यू कमी होतात हे गृहीतक पुरेशा पुराव्यावर उभे नाही. मेंदूचे झटके धरले तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे एकूण मृत्यू त्यांच्यात जास्तच असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुढे ग्रीनलंडमध्ये सर्वसाधारण लोकांच्या पाहणीत हृदयालेख (ईसीजी) काढून जे प्रमाण मिळाले, तेही पाश्चात्त्य लोकसंख्यांहून फारसे वेगळे नव्हते. मात्र तोपर्यंत आहार, धूम्रपान व राहणीमान बदललेले होते, त्यामुळे ही पाहणी १९५० च्या स्थितीबद्दल थेट काही सांगू शकत नाही. जुन्या काळाचा एक वेगळा पुरावा २०१९ मध्ये मिळाला : सोळाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ग्रीनलंडच्या काही ममींच्या सीटी स्कॅनमध्ये रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियमचे साठे दिसले. सागरी आहारावर जगणाऱ्यांना रोहिणीकाठिण्य होतच नव्हते, हे मत त्यामुळे सोडावे लागते. ते किती प्रमाणात होते हे मूठभर ममींवरून ठरत नाही. सर्व पाहता, इन्युइटांच्या रक्तातील मेदाम्लांचे वैशिष्ट्य खरे, रक्तस्राव-काळातील फरक खरा, पण हृद्रोगाचा अभाव असिद्ध, अशी भूमिका घेणे सयुक्तिक वाटते.

उपचारातील वापर : मूळ निरीक्षण कच्चे असले तरी त्यातून निघालेला प्रश्न रुग्णांवर स्वतंत्रपणे तपासला गेला. १९८९ मध्ये वेल्समधील २,०३३ पुरुषांवरील चाचणीत, एक झटका येऊन गेलेल्यांना तेलकट मासे खाण्याचा सल्ला दिल्यास मृत्यू कमी होतात असे आढळले. इटलीतील ११,३२४ रुग्णांवरील चाचणीने १९९९ मध्ये रोज सुमारे १ ग्रॅम ओमेगा-३ च्या बाजूने कौल दिला. त्यानंतर स्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे सर्रास वापरात आली आणि फायदा दिसेनासा झाला. २०१८ मधील दोन मोठ्या चाचण्यांत (२५,८७१ व १५,४८० व्यक्ती) १ ग्रॅमच्या कॅप्सूलने हृदयविकाराच्या मुख्य घटना लक्षणीय कमी झाल्या नाहीत. त्याच वर्षी ट्रायग्लिसराइड वाढलेल्या ८,१७९ रुग्णांत शुद्ध इपीएच्या ४ ग्रॅम मात्रेने घटना २५ टक्क्यांनी घटल्या. परंतु तुलनेसाठी दिलेले खनिज तेल निरुपद्रवी होते का, हा वाद मिटलेला नाही. इपीए व डीएचए (माशांच्या तेलातील दुसरे ओमेगा-३ मेदाम्ल) एकत्र देणारी १३,०७८ रुग्णांवरील चाचणी २०२० मध्ये फायदा न दिसल्यामुळे थांबवण्यात आली. महाराष्ट्रात ओमेगा-३ साठी जवसाची चटणी सुचवली जाते. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते व शरीर त्याचा थोडाच भाग इपीएमध्ये बदलते, म्हणून ग्रीनलंडमधील निष्कर्ष जवसाला लावता येत नाहीत. कोकण किनाऱ्यावरील बांगडा व तारली यांत मात्र इपीए थेट मिळते.

आनुवंशिकी : आहार की वंश, या प्रश्नावर बांग व ड्यूअरबेर्ग यांनी आहाराच्या बाजूने दिलेले उत्तर अपुरे असल्याचे नंतर दिसून आले. २०१५ मध्ये फुमागाल्ली व सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या इन्युइटांत मेदाम्लांचे रूपांतर करणाऱ्या विकरांच्या जनुकसमूहावर नैसर्गिक निवडीच्या ठळक खुणा दाखवल्या. हे जनुकभेद रक्तातील मेदाम्लांबरोबरच उंची व वजनावरही परिणाम करतात. हजारो वर्षे सागरी चरबीवर जगताना घडलेल्या शरीराला जे मानवते, ते इतरांनाही तसेच मानवेल असे यावरून म्हणता येत नाही.

उपर्नाविकच्या तक्त्यातील मधुमेहाच्या आकड्याचीही अशीच फेरतपासणी झाली आहे. ग्रीनलंडमध्ये १९९९ नंतरच्या पाहणीत ९१७ प्रौढांना ग्लुकोज पाजून रक्त तपासले असता पुरुषांत १०.८ टक्के व स्त्रियांत ९.४ टक्के मधुमेह सापडला, आणि त्यांतील सुमारे ७० टक्के रुग्णांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकच नव्हते. आहारातील बदलाचा यात वाटा आहेच. पण २०१४ मध्ये मोल्टके व सहकाऱ्यांनी स्नायूंत साखर शोषली जाण्याशी संबंधित एक जनुकभेद येथे शोधला. त्याचे प्रमाण ग्रीनलंडमध्ये १७ टक्के आहे, आणि आईवडील दोघांकडून तो आलेल्यांत मधुमेहाची शक्यता सुमारे दहापट असते. या व्यक्तींची उपाशीपोटी घेतलेली साखर बहुधा सामान्य निघते व ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनीच ती वाढलेली दिसते. त्यामुळे केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर अवलंबून राहिल्यास यांतील अनेकांची नोंद आजही मधुमेही म्हणून होत नाही.